तापलेली इंजेक्शनची गाडी पुन्हा स्टार्ट होत नाही, तेव्हा दोष कुठे शोधायचा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, कारण उत्तराचे अर्धे धागे त्यातच आहेत. गाडी २००३ सालची, हजार सीसीची पेट्रोल हॅचबॅक, मल्टिपॉइंट इंजेक्शनची; सात वर्षांपूर्वी बाहेरून बसवलेला सीएनजी किट. सकाळी पहिल्याच सेलला सुरू होते. नाशिकहून मुंबईला जाताना कसाऱ्याला चहाला थांबलात, वीस-पंचवीस मिनिटांनी किल्ली मारली, तर सेल जोरात फिरतो पण इंजिन घेत नाही. बोनेट उघडून पाऊण तास थांबलं की काही झालंच नव्हतं अशी सुरू होते. गॅसच्या रांगेत पाच मिनिटं बंद केली तर मात्र त्रास नाही. कधी पेट्रोलचा वास येतो, कधी नाही. आतापर्यंत बॅटरी, प्लग, फिल्टर आणि टाकीतला पंप बदलून झाला आणि आता चौथे मेकॅनिक ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) बदला म्हणताहेत. गाडी विकून टाकावी का, असं तुम्ही शेवटी विचारलं आहे.

ईसीएम बदलू नका. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तो डॅशबोर्डखाली, डाव्या बाजूला दिसतो. बोनेटखालची उष्णता तिथे पोचत नाही. बोनेट उघडल्याने जो दोष जातो, तो बोनेटखाली तापणाऱ्या वस्तूत किंवा तिथल्या पेट्रोलमध्ये असणार. भर उन्हात काचा लावून उभी केलेली गाडी, इंजिन गार असतानाही सुरू झाली नाही, तर डॅशबोर्डखालच्या वस्तूंवर संशय घ्यायचा. तुमच्याकडे तसं एकदाही झालेलं नाही.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला फार महत्त्वाचं वाटलं: ‘गॅरेजमध्ये नेली की व्यवस्थित चालू होते.’ म्हणजे चौघांपैकी एकानेही गाडी न घेणाऱ्या अवस्थेत पाहिलेली नाही. गार गाडी समोर ठेवून गरम दोषाचे पार्ट बदलले गेले. तापलेल्या गाडीच्या दोषाला वीस-तीस मिनिटांचं आयुष्य असतं, आणि त्या वेळात तपासलं तरच तो सापडतो. पस्तीस वर्षांत मला याहून कामाची गोष्ट शिकायला मिळालेली नाही. म्हणून पुढचं सगळं तुम्ही स्वतः, जिथे गाडी अडेल तिथेच करायचं आहे. त्यासाठी डिकीत पाच वस्तू ठेवा: साधा डिजिटल मीटर, स्पार्क टेस्टर, पाण्याची बाटली, एक जुना फडका आणि ३३० ओमचा एक रेझिस्टर. रेझिस्टर इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात सुटा मिळतो.

आता उष्णता नेमकं काय करते ते सांगतो. इंजिन चालू असतं तेव्हा फिरतं पाणी, पंखा आणि समोरून येणारा वारा मिळून बोनेटखालची उष्णता बाहेर काढत असतात. किल्ली बंद केली की तिन्ही थांबतात, पण ब्लॉक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड धगधगत असतात. ती धग आजूबाजूच्या प्रत्येक वस्तूत मुरत जाते. म्हणून गाडी बंद केल्यावर पहिली वीस-पंचवीस मिनिटं बोनेटखालचं तापमान उतरत नाही, चढतं. पाच मिनिटांनी घेणारी गाडी वीस मिनिटांनी का घेत नाही, हे कोडं इथेच सुटतं. गाडी बंद केल्यानंतर किती मिनिटांनी अडते आणि किती मिनिटांनी सुटते, हे घड्याळ लावून वहीत लिहीत चला.

ज्यांनी प्रीमियर पद्मिनी चालवली आहे, त्यांना घाटात पेट्रोल पंपावर ओला फडका बांधलेला आठवत असेल. तो पंप इंजिनलाच बसवलेला असायचा आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घ्यायचा. ओढलं की नळीतला दाब घटतो, दाब घटला की पेट्रोल लवकर उकळतं, आणि वाफ त्या पंपाला पुढे ढकलता येत नाही. ड्रायव्हर लोक ‘एअर घेतली’ म्हणायचे. खरं तर ती पेट्रोलचीच वाफ असायची. इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीत बुडालेला असतो आणि तिथून पेट्रोल पुढे ढकलतो. इंजिनवरच्या रेलमध्ये (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) साधारण अडीच ते तीन बार दाब असतो. कुकरमध्ये पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं, तसंच दाबाखालचं पेट्रोलही सहजी उकळत नाही. पेट्रोलमधले हलके घटक उघड्यावर ४० अंशांच्या आसपास उकळायला लागतात. मे महिन्यात तेवढी तर आपल्याकडे सावलीतली हवा असते. म्हणजे रेलमधल्या पेट्रोलला वाफ होण्यापासून हा दाबच वाचवतो. गाडी बंद झाल्यावरही तो बराच वेळ टिकायला हवा. तो टिकला नाही, की ऐन गरम वेळी रेल वाफेने भरते. मग सेल मारला की इंजेक्टर उघडतो, पण त्यातून पेट्रोलऐवजी वाफ फुसफुसते.

सीएनजीवाल्यांनी इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी, आणि याकडे मेकॅनिकही क्वचितच लक्ष देतात. गॅसवर गाडी पळत असताना बऱ्याच किटमध्ये पेट्रोलचा पंप बंद केलेला असतो. रेलमधलं पेट्रोल तासन्‌तास तिथेच, गरम इंजिनच्या डोक्यावर पडून राहतं. पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीत ताजं, तुलनेने गार पेट्रोल सतत येत राहतं. तुमच्या रेलला ते मिळत नाही. नाशिक ते कसारा गॅसवर आलात, गाडी बंद केली, आणि पुन्हा सुरू करताना किटने नेहमीप्रमाणे पेट्रोल मागितलं, तर त्या रेलमध्ये काय उरलं असेल याचा विचार करा.

म्हणून पहिला प्रयोग अगदी सोपा आहे, त्याला हत्यार लागत नाही. पुढच्या खेपेला थांबायच्या पाच-सात किलोमीटर आधी गाडी पेट्रोलवर घ्या आणि पेट्रोलवरच बंद करा. वीस मिनिटांनी सुरू झाली, आणि दुसऱ्या दिवशी गॅसवर बंद केल्यावर अडली, तर दोषाचा पत्ता जवळजवळ सापडला.

दुसरा प्रयोगही किटचाच. गाडी अडलेली असताना ती गॅसवर सुरू करून बघा. जुन्या मिक्सरच्या (हवेत एकाच जागी गॅस मिसळणाऱ्या) किटमध्ये स्विच सरळ गॅसवर टाकता येतो. सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस-इंजेक्टर असलेल्या) किटमध्ये बहुधा स्विचचं बटण दाबून धरून किल्ली ऑन केली की थेट गॅसवर स्टार्टची सोय असते. किटचं पुस्तक पाहून घ्या. गॅसवर झटकन सुरू झाली, तर ठिणगी, क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळवणारा), कंप्रेशन (सिलिंडरमधला दाब) यांचे हात स्वच्छ आहेत आणि दोष पेट्रोलच्या बाजूला आहे. गॅसवरही नाही झाली, तर पेट्रोलच्या मागे लागण्यात अर्थ नाही. फक्त एक लक्षात ठेवा: सिक्वेन्शियल किट गॅस किती सोडायचा ते ईसीएमच्या इंजेक्टर-सिग्नलवरूनच ठरवतो. ईसीएमला चुकीचं तापमान कळत असेल तर ती चूक गॅसवरही येईल. मिक्सरच्या किटला तो प्रश्न नाही. ज्यांच्याकडे नुसतं पेट्रोल आहे त्यांना ही विभागणी करायला बरंच झटावं लागतं. तुमच्याकडे दुसरं इंधन आयतं आहे, त्याचा उपयोग करून घ्या.

दोष पेट्रोलकडे निघाला, तर पुढचा प्रश्न: पेट्रोल कमी पडतंय की जास्त होतंय? दोन्हींत सेल फिरतो आणि इंजिन घेत नाही, पण उपाय एकमेकांच्या उलटे. सीटवर बसूनच हे ठरवता येतं.

कमी पडतंय का पाहायचं, तर सेल न मारता किल्ली नुसती ऑन करा. मागच्या सीटखालून पंपाचा दोन-तीन सेकंद घूं आवाज येईल आणि थांबेल. किल्ली बंद. पाच-दहा सेकंदांनी पुन्हा ऑन. असं चार वेळा करून मग सेल मारा. प्रत्येक वेळी पंप रेलमध्ये थोडा दाब भरतो, वाफ दबते किंवा परतीच्या नळीने टाकीत जाते. असं केल्यावर गाडी घेत असेल, तर रेलमधला दाब उतरतो आहे हे नक्की धरा.

जास्त होतंय का पाहायचं, तर दुसऱ्या दिवशी अडली की ॲक्सिलरेटर पूर्ण तळापर्यंत दाबून धरा, पंप करू नका, आणि सेल मारा. बहुतेक ईसीएममध्ये सेल फिरत असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला दिसला तर इंजेक्टर बंद ठेवायची सोय असते. नुसती हवा आत जाते, साचलेलं पेट्रोल सुकतं, आणि गाडी अडखळत, काळा धूर टाकत सुरू होते. तसं झालं तर इंजिन ‘ओव्हर’ होत होतं. दोन्ही प्रयोग एकाच खेपेला करू नका, नाहीतर कशाने सुरू झाली ते कळणार नाही. सेल एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही, मध्ये अर्धा-एक मिनिट जाऊ द्यायचं.

दाब उतरतोय असं ठरलं, तर तो तीनच वाटांनी जाऊ शकतो: मागे पंपाच्या झडपेतून टाकीत, प्रेशर रेग्युलेटरमधून (रेलमधला दाब बेताचा ठेवणाऱ्या झडपेतून) परतीच्या नळीत, किंवा गळक्या इंजेक्टरमधून इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा इंजिनात नेणाऱ्या नळ्यांत. यासाठी मात्र प्रेशर गेज लागतं आणि ते गॅरेजमध्येच करा. त्या काळच्या परतीची नळी असलेल्या छोट्या गाड्यांत साधारणपणे इंजिन बंद असताना पंप चालला की २.७ ते ३.१ बार, आयडलवर २.१ ते २.६ बार, आणि बंद केल्यावर मिनिटभराने २ बारच्या वर, असे आकडे यायला हवेत. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या. मेकॅनिकला सांगा की गेज लावून गाडी बंद केल्यावर पाच मिनिटं नाही, अर्धा तास बघायचं. दाब पडत असेल तर पुन्हा भरून टाकीकडून येणारी रबरी नळी चिमटून धरायची. आता टिकला, तर पंपाची झडप गळते. नसेल, तर परतीची नळी चिमटायची. आता टिकला, तर रेग्युलेटर. दोन्ही चिमटूनही पडतोय, तर इंजेक्टर. प्लास्टिकची नळी कधीच चिमटायची नाही, ती तडकते. आणि पेट्रोलचा कुठलाही जोड खोलायचा तो इंजिन गार असताना, गॅसच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून, अग्निशामक हाताशी ठेवून. गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल सांडून पेटलेली गाडी मी पाहिली आहे.

पंप नुकताच बदललाय, म्हणून तो संशयातून सुटत नाही. स्वस्तातल्या पंपांची झडप बऱ्याचदा पहिल्या दिवसापासून गळकी असते. चालू गाडीत दाब पूर्ण दाखवतात, बंद केल्यावर धरत नाहीत. शिवाय तुम्ही लिहिलंय की पेट्रोल नेहमी रिझर्व्हवरच असतं, कारण चालवता गॅसवर. पंप थंड ठेवण्याचं काम त्याच्या भोवतीचं पेट्रोलच करतं. तळाशी लिटर-दोन लिटरमध्ये तडफडणारा पंप लवकर मरतो, आणि तळाचा गाळ ओढतो तो वेगळाच. टाकी निदान पाव भरलेली ठेवा आणि रोज थोडं अंतर पेट्रोलवर चालवा. आता बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि २००३ ची रबरं त्यासाठी केलेली नव्हती. टाकीच्या आतली छोटी जोडनळी, इंजेक्टरच्या ओ-रिंगा, रेग्युलेटरचा पडदा, सगळं एकदा बघून घ्या. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून वास घ्या. आत पेट्रोल दिसलं तर पडदा फाटला आहे, पुढे तपासायची गरज नाही.

जास्त होत असेल, तर दोनच मोठे संशयित. एक गळका इंजेक्टर, जो दाबही घालवतो आणि मॅनिफोल्डमध्ये पेट्रोलही साचवतो. रेल इंजेक्टरांसकट उचलून, दाब भरून, टोकांखाली कागद धरायचा. मिनिटाला एखादा थेंब चालतो, त्याहून जास्त नाही. गॅसवर चालणाऱ्या गाड्यांत पेट्रोलचे इंजेक्टर महिनोन्‌महिने कोरडे पडतात, टोकावर चिकट थर बसतो आणि ते नीट मिटत नाहीत. हे मी फार वेळा पाहिलंय.

दुसरा संशयित पाण्याच्या तापमानाचा सेन्सर, आणि याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथे चांगले चांगले मेकॅनिक फसतात. स्टार्ट करताना किती पेट्रोल सोडायचं ते ईसीएम मुख्यतः या सेन्सरला विचारून ठरवतो. सेन्सर तापला की त्याचा रेझिस्टन्स उतरतो. बहुतेक जपानी आणि जर्मन बनावटीच्या गाड्यांत २० अंशांना दोन ते अडीच हजार ओमच्या आसपास, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. तो तापल्यावरही दोन हजार ओम दाखवत राहिला, तर ईसीएमला वाटतं इंजिन गारठलंय, आणि तो सकाळच्या स्टार्टएवढं पेट्रोल ओततो. सकाळी अर्थातच काही बिघडत नाही, कारण तेव्हा सेन्सर खरंच बोलत असतो. आता घोळ असा की पुष्कळ गाड्यांत दोन सेन्सर असतात: एका वायरचा, डॅशबोर्डवरच्या काट्यासाठी, आणि दोन वायरांचा, ईसीएमसाठी. काटा बरोबर दाखवतोय म्हणून सेन्सर चांगला, असं म्हणता येत नाही. उलट, दुकानात नुसता ‘टेंपरेचर सेन्सर’ मागितला की काट्याचाच हातात ठेवतात, आणि तो बदलून गाडीत काही फरक पडत नाही.

माझ्याकडे एका शिक्षिकेची गाडी आली होती, दोष हुबेहूब तुमच्यासारखाच. सेन्सर काढून गरम पाण्यात बुडवला, मीटर लावला, आकडे पुस्तकासारखे. म्हणून मी त्याला निर्दोष ठरवलं आणि इंजेक्टर साफ केले. आठ दिवसांनी त्या पुन्हा तशाच अडकल्या, आणि मुलांच्या परीक्षेला उशीर झाला म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते मला अजून टोचतं. मग मी गाडी मुद्दाम तापवली, अडवली, आणि मीटर सेन्सरवर न लावता ईसीएमच्या प्लगवर, त्याच दोन वायरांवर लावला. सेन्सर तीनशे ओमचा, पण ईसीएमपर्यंत पोचत होते अडीच हजार. थर्मोस्टॅटच्या जोडातून वर्षानुवर्षं झिरपणाऱ्या पाण्याने सेन्सरच्या प्लगमधली पिन हिरवी झाली होती आणि तापली की सैल पडत होती. पिन बदलली, जोडाचं पॅकिंग बदललं, काम झालं. तेव्हापासून मी सेन्सर कधी सुटा मोजत नाही. वायरिंगसकट, गरम असताना, ईसीएमच्या टोकाकडून मोजतो.

तुमच्यासाठी त्याचा सोपा प्रकार म्हणजे तो रेझिस्टर. गाडी अडली की सेन्सरचा दोन वायरांचा प्लग काढा आणि त्या प्लगमध्ये ३३० ओमचा रेझिस्टर अलगद खोचा. ईसीएमला वाटेल इंजिन ८० अंशांवर आहे. आता ॲक्सिलरेटर न दाबता सेल मारा. एक-दोन प्रयत्नांत घेतली, तर दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या प्लगच्या पिनमध्ये. रेझिस्टर काढून पुन्हा सेन्सरचाच प्लग लावा आणि गाडी चालवा, रेझिस्टर लावून हिंडू नका. नाहीतर पंखा वेळेवर लागणार नाही आणि इंजिन जास्त तापेल.

कॅनिस्टरचा (टाकीतली पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या डब्याचा) पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे ती वाफ इंजिनात सोडणारी झडप, उघडा अडकला तरी असंच ओव्हर होतं, विशेषतः टाकी फुल केल्यावर. तुमची टाकी रिझर्व्हवर असते, तेव्हा तो संशय सर्वांत मागे.

आता दुसरी शाखा: गॅसवरही घेतली नाही. इथे पहिल्यांदा स्पार्क टेस्टर लावून ठिणगी पाहा. प्लगची केबल नुसती हवेत लटकवून पाहायची सवय सोडा. त्याने इग्नायटर जळतो, आणि पेट्रोलचा वास असेल तर आग लागते. ठिणगी नसेल, तर सेल फिरत असताना टॅकोमीटरचा (इंजिनचे फेरे दाखवणारा) काटा, असेल तर, जरासा हलतो का ते बघा. अजिबात न हलणं ही क्रँक सेन्सरची चुगली आहे. चुंबकावर बारीक तारेचं वेटोळं असा हा सेन्सर ब्लॉकच्या अंगाला, पुलीजवळ किंवा फ्लायव्हीलजवळ बसतो. (डिस्ट्रिब्युटरच्या गाड्यांत हेच पिकअप डिस्ट्रिब्युटरच्या पोटात असतं.) तार तापून फुगली की आतला बारीक तडा उघडतो, सिग्नल तुटतो, गार झाली की पुन्हा जुळतो. इंजिन फिरतंय हेच ईसीएमला कळत नाही, म्हणून ठिणगीही नाही आणि इंजेक्टरही नाहीत. ठिणगी आणि इंजेक्टर दोन्ही एकदम गायब असतील, तर दोघांचा समाईक मालक शोधायचा, म्हणजे हा सेन्सर किंवा मेन रिले. नुसती ठिणगीच नसेल, तर कॉइल आणि इग्नायटर.

पाण्याची बाटली यासाठीच. अडलेल्या गाडीत फडका भिजवून फक्त क्रँक सेन्सरवर पिळा, दोन मिनिटं थांबा, सेल मारा. घेतली, तर सेन्सर बदलून टाका. नाही घेतली, तर फडका कॉइलच्या बॉडीवर ठेवा. एका वेळी एकच वस्तू गार करायची. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पाणी ओतू नका, ओतीव लोखंड तडकतं. पद्मिनीच्या ओल्या फडक्याची ही पुढची पिढीच म्हणा, पण इथे तो इलाज नाही, तपासणी आहे.

मेन रिलेचं एक उदाहरण जगभरच्या मेकॅनिकना पाठ आहे: १९८० आणि ९० च्या दशकांतल्या होंडा गाड्यांतल्या रिलेच्या आतल्या सोल्डरच्या डागांना केसाएवढे तडे जायचे. उन्हात गाडी तापली की किल्ली ऑन करूनही पंपाचा घूं आवाजच येत नसे. रिले उघडून डाग पुन्हा दिले की काम व्हायचं. म्हणून अडलेल्या गाडीत पंपाचा आवाज ऐकणं ही सवयच लावून घ्या. तुमच्याकडे आणखी एक जागा आहे: किटवाल्याने इंजेक्टरच्या वायरा कापून बसवलेला इम्युलेटर (गॅसवर असताना पेट्रोलचे इंजेक्टर बंद ठेवून ईसीएमला ते चालू भासवणारा डबा) आणि त्याचे रिले. सात वर्षांपूर्वी नुसत्या पिळलेल्या आणि चिकटपट्टी गुंडाळलेल्या जोडांना उष्णतेने काय होतं ते सांगायला नको. तिथल्या प्रत्येक जोडाला डाग द्या आणि हीट-श्रिंक नळी चढवा.

सेलबद्दल थोडक्यात, कारण तुमचा जोरात फिरतो. ज्यांचा गरम असताना कण्हतो किंवा नुसता टक्‌ करतो, त्यांनी इंजेक्शनकडे बघूच नये. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे ८० अंशांनी जास्त तापलेल्या सेलचा जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने जास्त. गार असताना कसाबसा निभावणारा अर्थिंगचा जोड तेव्हा हार मानतो. सेल मारताना बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि इंजिन ब्लॉक यांच्यात मीटर लावा. पाव व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थिंगची पट्टी साफ करा.

स्कॅनरबद्दल तुम्ही विचारलंत. आपल्याकडे गाड्यांना ओबीडी (गाडीतले दोष स्वतः नोंदवणारी व्यवस्था) सक्तीचं झालं ते २०१० पासून, टप्प्याटप्प्याने. तुमच्या गाडीला बाजारातला स्वस्त स्कॅनर जोडून काही वाचता येईलच असं नाही. कंपनीचं जुनं यंत्र असलेला माणूस शोधावा लागतो. तो सापडला, तर कोड वाचून थांबू नका. गाडी अडलेली असताना ईसीएमला पाणी किती अंश दिसतंय आणि सेल मारताना आरपीएम दिसतोय का, हे दोनच आकडे मागा.

राहिलं इंजिन. गॅस कोरडा जळतो, पेट्रोलसारखा व्हॉल्व्हला थोडा ओलावा देत नाही. व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये, म्हणजे ज्या कड्यावर ते टेकतात त्यात, खोल जातात आणि टॅपेटची फट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली जागा) कमी होत जाते. गार असताना जेमतेम उरलेली फट तापल्यावर नाहीशी होते, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, आणि कंप्रेशन पडतं. सकाळी छान, गरम झाली की सेल हलका-हलका, एकसारखी लय नसलेला फिरतो. अशा गाड्यांना लोक वर्ष-वर्ष सेन्सर बदलत बसतात. सीएनजीच्या गाडीत टॅपेट वेळच्या वेळी तपासून घेणं टाळू नका, आणि कंप्रेशन घ्यायचं ते तापलेल्या इंजिनवर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. अशा छोट्या इंजिनात साधारण १२ ते १४ किलो यावं, आणि सिलिंडरा-सिलिंडरांत एक किलोपेक्षा जास्त फरक नसावा.

तुमच्या गाडीत मला जास्त शक्यता वाटते ती दाब उतरण्याची, आणि तिच्या खालोखाल इंजेक्टर किंवा तापमानाचा सेन्सर. कधी-कधी येणारा पेट्रोलचा वास या दुसऱ्याकडे बोट दाखवतो. येत्या रविवारी कसाऱ्यापर्यंत जा. गॅसवर बंद करा, वीस मिनिटं थांबा, आणि अडली की आधी गॅसवर स्टार्ट करून बघा. पुढच्या खेपेला पेट्रोलवर बंद करून बघा. त्यानंतर किल्ली चार वेळा, मग ॲक्सिलरेटर तळाला, मग रेझिस्टर. एका खेपेला एकच. चार-पाच खेपा लागतील, पण तोपर्यंत एकही पार्ट विकत घ्यायचा नाही. आणि प्रत्येक खेपेची मिनिटं वहीत लिहा, ती वही घेऊन गॅरेजमध्ये जा.

विकण्याचं म्हणाल, तर वर लिहिलेल्या दोषांतला एकही गाडी विकण्याइतका मोठा नाही, शेवटचा सोडून. म्हणून निर्णय घेण्याआधी गरम कंप्रेशन आणि टॅपेट तेवढे करून घ्या. सगळी सिलिंडरं सारखी आली, तर गाडी ठेवा. एखादा खाली आला आणि टॅपेट सेट करूनही वर आला नाही, तर हेड उतरवून सीट बदलायचा खर्च दोन ठिकाणी विचारा, आणि त्यासोबत किटच्या सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) कधी झाली होती ती तारीखही पाहा. सात वर्षांत ती दोनदा झालेली असायला हवी. नसेल, तर स्टार्टिंगच्या आधी ते काम.